उतरंड

उतरंड हा शब्द मराठीने स्वयंपाकघरातून उचलून समाजचिंतनात नेऊन बसविला, ह्याला आता बराच काळ लोटला. तळाशी मोठा डेरा, त्यावर मडके, त्यावर गाडगे, आणि सर्वांच्या वर एखादे बोळके, अशी जी एकावर एक रचलेली भांड्यांची चळत, ती मूळची उतरंड. पुढे जातींची, वर्गांची, अधिकाराची उतरंड असे शब्दप्रयोग रूढ झाले, आणि आज तर ह्याच अर्थाने तो शब्द अधिक ऐकू येतो. उपमा एकदा भाषेत मुरली म्हणजे तिची परीक्षा कोणी करीत नाही. ती आपल्याबरोबर एक संपूर्ण उपपत्तीच घेऊन येते, आणि आपण ती न तपासता पत्करतो. प्रस्तुत लेखात ह्या उपमेची थोडी परीक्षा करावयाची आहे. ज्या भांड्यांवरून ती घेतली, त्या भांड्यांविषयी पदार्थविज्ञान काय सांगते, आणि ते सांगणे माणसांच्या उतरंडीस कोठवर लागू पडते, हा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. एकाच्या डोक्यावर दुसरा उभा असेल, तर खालच्याला जो भार वाहावा लागतो, तो नेमका कोणाचा? आणि त्याचा जाब कोणास विचारावयाचा? ह्यांपैकी पहिला प्रश्न विज्ञानाचा व दुसरा नीतीचा. पहिल्याचे उत्तर नीट आल्यावाचून दुसऱ्याला हात घालणे बरे नव्हे.

समजा, तीन मडक्यांची उतरंड आहे. वरचे दोन किलोग्रॅमचे, मधले तीनचे, तळाचे सहाचे. हिशेबाच्या सोयीसाठी एका किलोग्रॅमला पृथ्वी दहा न्यूटन बलाने ओढते असे धरू. वास्तविक हा आकडा 9.8 च्या जवळपास आहे. तर तिघांची वजने अनुक्रमे 20, 30 व 60 न्यूटन झाली. आता तळाच्या मडक्यावर कोणकोणती बले कार्य करतात, असे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारले, तर निम्म्या पाट्यांवर हमखास एकच चूक आढळते. विद्यार्थी तळाच्या मडक्याचे स्वतःचे वजन दाखवितो, मधल्याचा दाब दाखवितो, आणि शिवाय वरच्या दोघांची वजनेही त्याच मडक्यावर आणून ठेवतो. बेरीज 160 न्यूटन होते. प्रत्यक्षात जमिनीला तर 110 च सोसावे लागतात. हे जादा 50 आले कोठून? एकच भार दोनदा मोजला गेला, हे त्याचे उत्तर.

ही चूक टाळण्याचा शास्त्रज्ञांचा उपाय साधा आहे. एकेक वस्तू चित्रात इतरांपासून वेगळी काढावी, आणि तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाणाला विचारावे: तू कोणाकडून आलास? ज्याला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्या बाणाला चित्रात स्थान नाही. ह्या रीतीने पाहिले असता वरच्या मडक्यावर दोनच बले आहेत: पृथ्वीची 20 न्यूटनची ओढ, आणि मधल्या मडक्याचा वरच्या दिशेचा तेवढाच रेटा. मधल्यावर तीन: पृथ्वीची 30 ची ओढ, वरच्याचा 20 चा दाब, आणि तळाच्याचा वरच्या दिशेने 50 चा रेटा. तळाच्यावरही तीनच: पृथ्वीची 60 ची ओढ, मधल्याचा 50 चा दाब, आणि जमिनीचा 110 चा रेटा. वरचे मडके तळाच्या मडक्याच्या चित्रात कोठेही नाही. तळाच्याला ते स्पर्शही करीत नाही. त्याचा जो काही भार खाली पोचतो, तो मधल्याच्या दाबात मिसळून, मधल्याच्या नावाने पोचतो.

दुसरी एक चूक ह्याहून सूक्ष्म आहे, आणि ती सुशिक्षित प्रौढही करतात. मडक्याचे वजन ही क्रिया व जमिनीचा रेटा ही तिची प्रतिक्रिया, असे ते समजतात. दोन्ही बले समान व विरुद्ध असल्यामुळे हा समज सहज होतो. पण तो खरा नव्हे. न्यूटनने 1687 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’त जो तिसरा नियम सांगितला, त्यातील जोडीची दोन बले नेहमी दोन निरनिराळ्या वस्तूंवर असतात. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो, हे त्याचे स्वतःचे उदाहरण आहे. पृथ्वी मडक्याला खाली ओढते, ह्याची जोडी म्हणजे मडके पृथ्वीला वर ओढते ही होय. जमिनीच्या रेट्याची जोडी निराळी. ती म्हणजे मडक्याने जमिनीवर दिलेला दाब. वजन व रेटा हे एकाच मडक्यावर असतात, आणि ते समान असतात ते मडके स्वस्थ आहे म्हणून. जमीन हलली की ही समानता मोडते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू व तलासरी ह्या भागांत कित्येक महिने भूकंपाचे धक्के बसत राहिले आणि माणसे घराबाहेर तंबूंत निजू लागली, तेव्हा घराघरांतल्या भांड्यांचे वजन रेसभरही बदलले नव्हते. बदलला होता तो त्यांना मिळणारा आधार.

येथवर विज्ञान झाले. आता ज्या भूमीचा उल्लेख वर आला, तिच्याचकडे दुसऱ्या प्रश्नासाठी वळू. तलासरी तालुक्यात गुजरातच्या सीमेला लागून वेवजी नावाचे गाव आहे. हा सर्व टापू पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील वारली शेतकऱ्यांचा इतिहास म्हणजे मनुष्यांच्या उतरंडीचा एक धडाच आहे. एके काळी ज्या जमिनी ते कसत, त्या कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेले धान्य सुगीला जबर वाढीसह परत करावे लागे. जमीनदाराच्या शेतावर, घरी, बोलावील तेव्हा फुकट राबावे लागे. ह्यास वेठ म्हणत. लग्नासाठी पैसे काढले, तर तो तरुण धन्याचा ‘लग्नगडी’ होई, आणि त्याच्यामागून त्याची बायकोही त्याच कामाला जुंपली जाई. जंगल खात्याचे व पोलिसांचे कनिष्ठ नोकरही वेठ घेत. ह्या प्रदेशातील गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई. त्या गवताच्या गंजीच्या अगदी तळाशी वारली होता, आणि अगदी वर मुंबईच्या रस्त्यावरून डौलाने जाणारी एखादी बग्गी.

ह्या टापूत 1945 पूर्वी प्रवास करणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाला काय दिसले असते? शांतता. दंगा नाही, तक्रार नाही; माणसे गरीब, पण समाधानी. अशा वर्णनांत जो दोष असतो, तोच आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा असतो. स्वस्थ असलेल्या वस्तूवर बल नाही, असे तो समजतो. वस्तुतः स्वस्थता म्हणजे बलांचा अभाव नसून त्यांची बेरीज शून्य होणे आहे, आणि शून्य बेरीज दोन प्रकारे होते: कोणतेच बल नसताना, किंवा प्रचंड बले परस्परांना भिडलेली असताना. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तळाचे मडके एकटे असो की त्यावर दहा मडकी असोत, बाहेरून ते तितकेच निश्चल. त्याच्या मातीत किती ताण आहे, हे त्याच्या निश्चलतेवरून कधीच समजणार नाही. ते समजून घ्यावयाचे तर वर किती मडकी आहेत हे मोजावे लागते. हे मोजण्याची साधने नव्हती असेही नाही. मुंबई सरकारच्या वतीने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच अहवाल सिद्ध केला होता, आणि त्यात वेठीचे चित्र स्पष्ट होते. उणीव होती ती वाचून अस्वस्थ होणाऱ्यांची.

सोसण्याविषयीही एक गैरसमज ह्याच जातीचा आहे. जमिनीला जितके दाबावे, तितकाच रेटा ती उलट देते. अधिक नाही, उणा नाही. पण हा रेटा येतो कोठून? प्रत्येक आधार, मग तो दगडी फरशीचा का असेना, भार पडताच किंचित दबतो, आणि त्या दबण्यातूनच त्याचा रेटा उत्पन्न होतो. डोळ्याला न दिसेल इतके का होईना, वाकल्यावाचून कोणीही कोणाला आधार देऊ शकत नाही. ‘त्यांना ह्याची सवय आहे’ हे वाक्य आपल्या घरांत मोलकरणीविषयी, हमालाविषयी, शेतमजुराविषयी सहज उच्चारले जाते. त्याचा शास्त्रशुद्ध अनुवाद ‘ते आधीच दबलेले आहेत’ असा होईल. सोसण्याची शक्ती ही संमती नव्हे. आणि त्या शक्तीला मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडेपर्यंत मडके कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

आता जबाबदारीचा प्रश्न. तळाचा मनुष्य कोणास ओळखतो? जो त्याला प्रत्यक्ष दाबतो त्यास. वारल्याच्या दृष्टीसमोर मुकादम होता, कारभारी होता, जंगलचा शिपाई होता. त्याच्या मागचा धनी कधी दिसे, कधी न दिसे; धन्याच्या मागचा गवताचा व्यापारी, आणि व्यापाऱ्याच्या मागचा मुंबईकर गिऱ्हाईक तर त्याला स्वप्नातही ठाऊक नव्हता. बळाच्या चित्रात केवळ शेजारीच असतो, हे आपण वर पाहिलेच. मग दोष शेजाऱ्याचाच म्हणावयाचा काय? येथे उतरंडीतील वरचे मडके मोठ्या समाधानाने मान डोलावील. ‘मी त्याला बोटदेखील लावले नाही,’ असे ते म्हणेल, आणि ते अक्षरशः खरे असेल.

ह्या अडचणीतून वाट काढण्यास आपल्याच न्यायशास्त्राचे एक जुने साधन उपयोगी पडते. अमुक हे अमुकाचे कारण आहे की नाही हे ठरविण्यास नैयायिकांनी अन्वय व व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या: ते असता हे असते काय, आणि ते नसता हे नाहीसे होते काय. वरचे मडके हळूच उचलून पाहा. मधल्याचा तळाच्यावरील दाब 50 वरून तत्काळ 30 वर येतो. स्पर्श नसताना 20 न्यूटन त्याचेच होते, हे सिद्ध झाले. म्हणून दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत. ‘मला कोण दाबतो?’ ह्याचे उत्तर स्पर्शाने मिळते. ‘कोणाच्या असण्याने माझा भार वाढतो?’ ह्याचे उत्तर व्यतिरेकाने. पहिल्या उत्तरावर थांबणारा मनुष्य मुकादमाला झोडपून स्वस्थ बसतो. दुसऱ्यालाच चिकटून राहणारा दूरच्या धन्याला शिव्या देतो आणि मुकादमाला निर्दोष सोडतो. न्याय करावयाचा तर दोन्ही उत्तरे हाती हवीत, मात्र एकच भार दोनदा मोजता कामा नये.

आणि मधले मडके? त्याची सबब सर्वांत प्राचीन व सर्वांत लोकप्रिय आहे. वरून आले ते खाली दिले. मी केवळ हुकुमाचा ताबेदार. मडक्याच्या तोंडी ही सबब शोभते, कारण मातीला इच्छा नाही. तरीही ती पुरती खरी नाही, हे आकडेच सांगतात. त्याच्याकडे वरून 20 आले, आणि त्याने खाली दिले 50. मधले 30 त्याचे स्वतःचे होते. माणसांच्या उतरंडीतही हेच घडते. धन्याने मागितलेल्या वेठीत मधल्या प्रत्येकाची वेठ मिसळत जाते. शिवाय मनुष्य मडके नाही. वरून आलेला भार पाहण्यास त्याला डोळे आहेत, तो नाकारण्यास जीभ आहे, तो अंगावर घेण्यास पाठ आहे. जेथे इच्छा आहे तेथे ‘मी केवळ पोचविले’ हे वाक्य भौतिक सत्य असेल, नैतिक सत्य असू शकत नाही. आपल्या उपमेची मर्यादा येथे स्पष्ट होते, आणि ती मर्यादा आपल्यावरील दोष हलका न करता वाढविते.

कोणी म्हणेल की तळाच्याला सर्वांत जड जाते ते त्याचे स्वतःचेच वजन. 110 पैकी 60 त्याचेच की! आदिवासींच्या बाबतीत हा युक्तिवाद वारंवार झाला: त्यांची दारू, त्यांचे अज्ञान, त्यांचा आळस. परंतु स्वतःचे वजन कोणाला नाही? वरच्या मडक्यालाही ते आहेच; फरक इतकाच की ते तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून उभा आहे. स्वतःचा भार स्वतः वाहणे ही कोणाची तक्रार नव्हती. तक्रार उरलेल्या 50 ची होती.

ती तक्रार 1945 साली ऐकू आली. 23 मे रोजी ह्या टापूतील झरी गावी हजारो वारली जमले. त्यांना जागविणाऱ्यांत गोदावरीबाई परुळेकर व शामराव परुळेकर हे प्रमुख होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ती हकीगत लिहिली, आणि तिला 1972 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. वेठ करावयाची नाही, मजुरीवाचून राबावयाचे नाही, असा निश्चय त्या सभेत झाला. शरद ऋतूत गवताच्या कापणीची वेळ आली, तेव्हा पाचशे रत्तल गवतास अडीच रुपये मजुरी मिळाल्याखेरीज विळा हाती घ्यावयाचा नाही असे ठरले. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. तरी संप मोडला नाही. गवत माळावर उभे राहिले.

ह्या प्रसंगातून जे उघड झाले, ते वरच्या मडक्याच्या चित्रात पहिल्यापासून होतेच. त्या चित्रात खाली ओढणारे बल आहे पृथ्वीचे, आणि सावरणारे बल आहे खालच्याचे. आपण वर आहो ते आपल्या गुणाने, असे वरच्याला वाटते; त्याच्या चित्रात गुणाचा बाण कोठेही नाही. खालच्याने आधार काढून घेण्यापूर्वी हा आधार त्याच्या लक्षातच येत नाही, कारण जो रेटा अखंड मिळतो, तो जमिनीचा स्वभावच वाटू लागतो.

येथे एका अपसमजाचा निकाल लावणे अवश्य आहे. कोठे दंगा उसळला, सूडाने कोणाची घरे जाळली गेली, की ‘क्रियेला प्रतिक्रिया येणारच’ असे गंभीरपणे सांगण्यात येते, जणू न्यूटननेच परवानगी देऊन ठेवली आहे. न्यूटनच्या नियमात क्रिया आधी व प्रतिक्रिया मागाहून असा क्रम नाही. दोन्ही एकाच क्षणी असतात आणि कोणाला क्रिया म्हणावे हेही ऐच्छिक आहे. तेथे दोन्ही बले त्याच दोन वस्तूंमध्ये असतात. सूडाचा घाव बहुधा तिसऱ्याच निरपराध्यावर पडतो. तेथे दोन्ही बले काटेकोर समान असतात. सूडाला मोजमाप नसते. म्हणून ह्या नियमाचा दाखला देऊन सूडाचे समर्थन करणारा पदार्थविज्ञान व नीती ह्या दोहोंविषयीचे अज्ञान एकाच वाक्यात प्रकट करतो. झरीच्या सभेने ठरविले ते सूडाहून अगदी निराळे होते. ते होते आधार काढून घेणे, आणि तो मागे घेण्याचा हक्क आधार देणाऱ्याला नेहमीच असतो.

मग सर्व रचनाच मोडून टाकावी काय? प्रत्येक रचनेत काही वर असणार, काही खाली असणार. हे आपल्या कुटुंबांतही चुकत नाही. विज्ञानाने ह्या ठिकाणी एक विचार करण्याजोगे उदाहरण पुरविले आहे. उंच हौदात पाणी भरले, तर जितकी उंची वाढेल तितका तळावरील दाब वाढत जातो. परंतु उंच कणगीत धान्य भरले तर तसे होत नाही. काही उंचीनंतर वर कितीही धान्य ओतले तरी तळावरील दाब फारसा वाढत नाही. यानसेन नावाच्या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये ह्याची मीमांसा केली. दाणे एकमेकांना आडवे रेटतात, त्यामुळे ते भिंतीवर दाबले जातात, आणि भिंतीचे घर्षण वरचा बराचसा भार परस्पर तोलून धरते. ढीग तेवढाच, दाणे तेच. मात्र भोवती भिंत असल्यामुळे तळाच्या दाण्याचा चुरा होत नाही. किमान वेतनाचा कायदा, 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा, कुळांचे हक्क, मजुरांची संघटना, गावातली शाळा, ह्या समाजाच्या भिंती आहेत. त्या ढीग नाहीसा करीत नाहीत. भार तळापर्यंत पोचण्याआधी तो वाटेत झेलतात. अशा भिंतीवर होणारा खर्च हा भुर्दंड वाटणे हे ढिगात आपण वरच्या थरात असल्याचे लक्षण समजावे. भिंत उभी आहे एवढ्यावर भागत नाही, हेही तितकेच खरे. पोकळ झालेली कणगी बाहेरून शाबूत दिसते, आणि अंमलात न येणारा कायदा कागदावर शाबूत असतो.

ह्या मासिकाचा वाचकवर्ग बहुतेक सुशिक्षित मध्यम स्थितीतील आहे. ‘मध्यम’ ह्या शब्दातच आपले उतरंडीतील स्थान आले. आपल्यावर कोणी आहे, त्याचा दाब आपल्याला जाणवतो आणि त्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. आपल्याखालीही कोणी आहे, ह्याची जाणीव मात्र आपल्याला स्पर्शाने होत नाही, कारण खालच्याचा रेटा आपल्याला आधार म्हणून मिळतो आणि आधाराची कोणी तक्रार करीत नाही. म्हणून ती जाणीव विचारानेच करून घ्यावी लागते. शास्त्राची रीत ह्या कामी पुरेशी आहे. एकेका माणसाला ढिगातून वेगळे काढावे, त्याच्यावर येणारे बाण रेखाटावे, आणि प्रत्येक बाणाच्या शेपटीशी तो कोणाकडून आला त्याचे नाव लिहावे. ज्यापाशी कोणाचेच नाव लिहिता येत नाही, तो बाण काल्पनिक समजून पुसून टाकावा. ज्यापाशी आपलेच नाव लिहावे लागेल, तो मात्र पुसू नये.